अर्धलीनं नव्हे

सभा अकराची. साडेअकरा वाजून गेलेत. साताऱ्यातल्या या सरकारी सभागृहात साठेक खुर्च्या मांडल्यात आणि माणसं सव्वीस. मोजून सांगते, कारण शेजारी बसलेली अंगणवाडी सेविकाही तेच करतेय. ‘गावातून दोन तरी जोडपी आणा’ असा निरोप तिला होता. तिच्याबरोबर आलीय एकच बाई. कोरेगाव तालुक्यातली, पन्नाशीच्या आसपासची, विधवा. जोडपं नाही मिळालं म्हणून सेविका जरा खट्टू आहे.

समोरच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘प्रतिपालकत्व’ झळकतंय, खाली ‘फॉस्टर केअर’. मागच्या रांगेतले एक गृहस्थ पहिला शब्द दोनदा अडखळत वाचतात आणि मुकाट्यानं दुसऱ्यावर येतात.

जिल्हा बाल संरक्षण अधिकारी माईक हातात घेतात. पस्तिशीच्या असतील. माईक घरघरतो म्हणून तो बाजूला ठेवतात आणि खुर्च्यांच्या जवळ येतात.

“आधीच सांगते, हे दत्तक नाही.”

पुढच्या रांगेतलं एक जोडपं एकमेकांकडे बघतं. नवऱ्याच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागदांची जाड फाइल आहे. बाईंचं लक्ष जातं. “दत्तकाची माहिती हवी असेल त्यांनी नंतर थांबा, वेगळं बोलू,” त्या हळू आवाजात म्हणतात. जोडपं थांबत नाही. पाच मिनिटांत दोन खुर्च्या रिकाम्या होतात.

बाई बालगृहातल्या सहा वर्षांपुढच्या मुलांबद्दल बोलतात. कुणाची आई दीर्घ आजारात आहे, कुणाचा बाप तुरुंगात, कुणाला भेटायला वर्षानुवर्षं कुणी आलेलंच नाही. अशा मुलाला संस्थेत ठेवण्याऐवजी एखाद्या घरात वाढू द्यायचं. बाल न्याय कायदा 2015, कलम 44. शेवटचा आदेश बाल कल्याण समितीचा. सख्खी भावंडं शक्यतो एकाच घरी. मुलाच्या हिताला बाधा नसेल, तर त्याचे आईवडील भेटायलाही येऊ शकतात. आणि घर सावरलं की मूल परत जाणार.

कोरेगावची बाई बसल्या जागेवरून विचारते, “म्हंजे अर्धलीनं शेळी सांभाळाय घेत्यात, तसं का?”

सभागृह हसतं. अधिकारी हसत नाहीत. त्या खरंच विचार करतात.

“नाही मावशी. अर्धलीत एखादं करडू तरी तुमच्या वाट्याला येतं. इथं वाटा नाही.”

“मग आमाला काय?”

“मिशन वात्सल्य योजनेतून महिन्याला चार हजार. तेही मुलाच्या खर्चासाठी.”

आता कुजबुज सुरू होते. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर उठून उभे राहतात. “शाळा, बूट, दवाखाना. चार हजारांत काय होतंय, मॅडम?”

“पुरत नाहीत,” बाई कबूल करतात. “पैशांसाठी येणारं घर आम्हाला नकोच आहे. पण पैशांवाचून चांगलं घर मागे फिरू नये, एवढ्यासाठी ते आहेत.”

सेविका माझ्या कानाशी लागते. तिच्या गावात तीन मुलांना बालसंगोपन योजनेचे महिन्याला 2250 रुपये मिळतात. एक आजीजवळ आहे, दोघं विधवा आईजवळ. “आपल्या माणसात हायत, तिथं अडत न्हाई,” ती म्हणते. तिचं खरं आहे. आजोळी वाढलेलं, मामाकडे शिकायला राहिलेलं पोर कुठल्या घरात नव्हतं? नात्यातलं मूल सांभाळण्यासाठी कुणाला सभेला बोलवावं लागत नाही. आज बोलवलंय ते परक्याच्या मुलासाठी.

म्हणूनच पुढचा प्रश्न येतो. विचारणारा खाली बघत विचारतो, “पोर कुणाचं, कुठल्या समाजाचं, ते आधी कळंल का?”

पंख्याचा आवाज ऐकू यायला लागतो.

“मूल तुम्ही निवडत नाही,” बाई म्हणतात. “मुलाला साजेसं घर आम्ही शोधतो.”

घर शोधायचं म्हणजे काय, तेही त्या सांगतात. घरी येऊन चौकशी, आरोग्याचे दाखले, पोलिसांकडून पडताळणी. मूल घरी आल्यावर दर महिन्याला तपासणी. “दर म्हैन्याला?” कंडक्टर पुन्हा उठतात. “म्हणजे आमच्यावर पहारा?”

बाल कल्याण समितीच्या एक ज्येष्ठ सदस्य आतापर्यंत गप्प होत्या. त्या बसूनच उत्तर देतात. “सून नांदायला आली की तिच्या माहेरची माणसं येऊन बघून जातात की नाही? तुम्ही त्यांना पहारा म्हणता का?”

कंडक्टर हसून खाली बसतात. त्यांची बायको मात्र हसत नाही. ती नवऱ्याच्या खिशातलं पेन काढून पत्रकाच्या मागे काहीतरी लिहून घेते.

चहा येतो. कागदी कप, दोन-दोन बिस्किटं. चहा पिता पिता बाई सांगतात, पूर्वी फक्त विवाहित जोडप्यांनाच हे करता येत होतं. 2024च्या नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे विधवा, घटस्फोटित, अविवाहित माणूसही अर्ज करू शकतो. सेविकेचा चेहरा खुलतो. ती कोपरानं शेजारणीला ढोसते.

शेजारीण कप खाली ठेवते. “एक इचारू? पोर परत जाताना रडलं तर?”

“रडणारच, मावशी.”

“मी बी रडणार.”

“हो.”

“त्याला कायद्यात काय हाय?”

बाईंच्या हातात छापील पत्रकांचा गठ्ठा आहे. अटी, वय, कागदपत्रं, सगळं त्यात आहे. त्या गठ्ठ्याकडे बघतही नाहीत. “त्याला काही नाही,” त्या म्हणतात. “मुलाशी बोलायला समुपदेशक येईल. तुमच्याशी बोलायला मी येईन.”

कोरेगावची बाई थोडा वेळ बसून राहते. मग सेविकेला म्हणते, “लिही माझं नाव.”

दीड वाजता शिपाई खुर्च्या गोळा करायला लागतो. टेबलावरून सहा कोरे अर्ज गेलेत, त्यातला एक कंडक्टरच्या बायकोच्या पिशवीत. भरून झालाय तो एकच. सेविकेच्या अक्षरात, खाली कोरेगावच्या बाईची सावकाश, एकेक अक्षर जोडत केलेली सही. अधिकारी वही उघडून विचारतात, “घर बघायला कधी येऊ?”

“बाजाराचा वार सोडून कवाबी या.”

बाई वहीत तारीख लिहितात. आजच्या सभेतून वहीत पडलेली ही एकच तारीख.