दारूबंदी आणि नीतिसुधारणा : अमेरिका व वर्धा

‘एकच प्याला’ या नाटकाचा अभ्यास करताना एक योगायोग सहसा आपल्या ध्यानात येत नाही. १६ जानेवारी १९१९ रोजी अमेरिकेच्या राज्यघटनेतील अठराव्या दुरुस्तीला आवश्यक तेवढ्या राज्यांची संमती मिळाली. मद्याचे उत्पादन, विक्री व वाहतूक यांवर देशव्यापी बंदी घालण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. अवघ्या आठवड्याभराने, २३ जानेवारीस, नागपूरजवळील सावनेर येथे राम गणेश गडकरी यांचे निधन झाले आणि त्यांचे हे नाटक त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. परंतु एकाच सामाजिक व्यथेकडे पाहण्याच्या दोन दृष्टी त्यांतून दिसतात. गडकऱ्यांचा सारा भर सुधाकराच्या अधःपातावर आणि सिंधूच्या सोसण्यावर आहे. अमेरिकेने मात्र सुधाकराला सोडून गुत्त्यालाच आरोपी केले.

अमेरिकेतील ही चळवळ केवळ दारूविरुद्ध होती असे समजणे अपुरे ठरेल. एकोणिसाव्या शतकात तेथील विवाहित स्त्रीला मतदानाचा अधिकार नव्हता आणि नवऱ्याची मिळकत गुत्त्यात गेली तर दाद मागण्यास फारशी जागाही नव्हती. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या ख्रिस्ती स्त्रियांच्या मद्यपाननिषेधक संघटनेला बळ मिळाले ते या असहायतेतून. पण या चळवळीत दुसराही प्रवाह मिसळलेला होता. ग्रामीण, प्रॉटेस्टंट अमेरिकेला वाढत्या शहरांची व तेथे येणाऱ्या आयरिश, जर्मन, इटालियन स्थलांतरितांची धास्ती वाटत होती. गुत्ता हे त्या परक्यांचे भेटण्याचे ठिकाण. पहिल्या महायुद्धात जर्मनांविषयीचा रोष वाढला आणि मद्यनिर्मितीतील अनेक मोठे कारखानदार जर्मन वंशाचे असल्याने बंदीच्या मागणीला देशभक्तीचेही वलय लाभले. नीतिसुधारणेच्या आंदोलनात करुणा आणि तिरस्कार असे शेजारी शेजारी नांदू शकतात, हे अभ्यासकाने नोंदवून ठेवावे.

जानेवारी १९२० मध्ये अंमल सुरू झाला. चोरटी मद्यगृहे निघाली, तस्करांच्या टोळ्या गबर झाल्या, औद्योगिक वापराचे विषारी मद्यार्क पिऊन माणसे दगावली. १९२९ मध्ये पॉलिन सेबिन यांच्या पुढाकाराने स्त्रियांचीच एक संघटना बंदी उठवण्याच्या मागणीसाठी उभी राहिली. तिचाही युक्तिवाद घर आणि मुले यांच्या रक्षणाचाच होता. अखेर ५ डिसेंबर १९३३ रोजी ही बंदी रद्द झाली. तिच्या आरंभाशी आणि अंताशी पैशाचा संबंध आहे. १९१३ च्या प्राप्तिकरामुळे सरकारला दारूवरील कराविना चालवून घेणे शक्य झाले होते. महामंदीत प्राप्तिकर आटला, तेव्हा दारूच्या उत्पन्नाची आठवण झाली.

हाच पैशाचा प्रश्न चार वर्षांनी वर्ध्यात वेगळ्या रूपाने पुढे आला. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्यास आले व १९३६ पासून सेवाग्रामात राहू लागले. १९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. दारूबंदी हा पक्षाचा जुना संकल्प. पण शाळांचा खर्च बऱ्याच अंशी अबकारी उत्पन्नावर अवलंबून होता. बापाने प्यावे आणि त्या करातून मुलाने शिकावे, अशी ही व्यवस्था. गांधीजींना ती क्रूर थट्टा वाटली. शिक्षण हस्तोद्योगातून शक्य तितके स्वावलंबी करावे या त्यांच्या मांडणीमागे जी कारणे होती, त्यांत हे एक महत्त्वाचे होते. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत या मांडणीवर चर्चा झाली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ‘नई तालीम’ आपण शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात वाचतो. तिची एक मुळी गुत्त्यापर्यंत पोहोचते हे तेथे क्वचितच सांगितले जाते. पुढच्याच वर्षी मध्य प्रांत व वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा झाला.

गांधी-विनोबांची कर्मभूमी म्हणून वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकाच्या मध्यापासून दारूबंदी आहे. शेजारच्या नागपूर, अमरावती, यवतमाळ जिल्ह्यांत मात्र परवानाधारक दुकाने आहेत. वर्धा नदीचा पूल ओलांडला की कायदा बदलतो. या जिल्ह्यात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना हे आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. आतमध्ये मोहाच्या दारूच्या हातभट्ट्या लागतात, पोलीस सडवा नष्ट करतात, काही दिवसांनी भट्टी पुन्हा पेटते. पुष्कळदा ती पेटवणारी व्यक्ती हाताला दुसरे काम नसलेली स्त्री असते आणि ती बंद करण्यासाठी पोलीस ठाण्यावर मोर्चा नेणारीही स्त्रीच असते. सुधारणेच्या इतिहासात पहिलीला स्थान नसते. कायदा तिला गुन्हेगार म्हणतो, चळवळ शत्रू म्हणते. तिची मजुरी कोठून यावी हा प्रश्न दोन्हींच्या कक्षेबाहेर राहतो.

म्हणून बंदी निरर्थक ठरते काय? तसे म्हणणे घाईचे होईल. उघडे दुकान नसणे म्हणजे रोजच्या वाटेवरचा मोह नसणे, आणि मजुरीच्या दिवशी घरी पोहोचणाऱ्या पैशात त्याने फरक पडू शकतो. गडचिरोलीत १९९३ मध्ये बंदी आली ती लोकांच्या मागणीतून. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली, तीमागेही स्त्रियांचे दीर्घ आंदोलन होते. २०२१ मध्ये शासनाने ती उठवली आणि तेव्हा अवैध विक्री व बुडणारा महसूल हीच कारणे चर्चेत होती. अमेरिकेतील १९३३ चा वाद जाणणाऱ्यास ती अपरिचित वाटणार नाहीत. महाराष्ट्रात आणखी एक मार्ग आहे. गावातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारला, तर दुकान बंद होते. मतदानाला न आलेली बाई येथे दुकानाच्या बाजूने मोजली जाते. त्यामुळे त्या दिवशी मजुरी बुडवून रांगेत उभे राहणे हेच चळवळीतले सर्वांत अवघड काम असते.

स्वाध्यायासाठी आपल्या गावातील किंवा वस्तीतील दोन वयस्क स्त्रियांशी बोलावे. त्यांपैकी एकीने दारूबंदीसाठी काम केलेले असावे. दुसरीने कधीकाळी दारू गाळून वा विकून घर चालवले असेल, तर तिचे नाव न लिहिता तिची हकीकत तिच्याच बोलीत उतरवून घ्यावी.