कॉम्प्युटर वारंवार बंद पडतो? आधी हिशेब वाचवा, मग दोष शोधा

लहान व्यापाऱ्याची चोपडी घरातल्या कॉम्प्युटरमध्ये गेली, त्याला आता बरीच वर्षे झाली. दुपारी त्याच्यावर मुलांचा अभ्यास होतो आणि रात्री दुकान वाढवून आलेला बाप त्याच्यावरच बिले, उधारी आणि येणे-देणे टिपतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून तर या यंत्राशिवाय महिना सरत नाही. अशा वेळी चालता चालता पडदा निळा होणे, यंत्र मध्येच थिजणे किंवा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणे ही नुसती कटकट राहत नाही. तो धंद्याचा प्रश्न होतो.

यानंतर बहुतेक घरांत काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. मेकॅनिक येतो, पाच मिनिटे पाहतो आणि 'मदरबोर्ड गेला' किंवा 'फॉरमॅट मारावा लागेल' असे सांगतो. मालक घाबरून हो म्हणतो. महिन्याभराने तोच आजार पुन्हा! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार. सगळेच मेकॅनिक लबाड असतात असे आमचे म्हणणे नाही. पण मर्ज न ओळखता दिलेले औषध मोठ्या हकीमाचे असले तरी लागू पडत नाही. म्हणून वाचकांनी तीन गोष्टी गाठीला बांधाव्यात. प्रथम हिशेबाची नक्कल, मग स्वस्त तपासणीकडून महाग तपासणीकडे, आणि एका वेळी एकच बदल.

नक्कल आधी

यंत्र पंधरा मिनिटे जरी चालत असेल तरी त्या वेळात हिशेबाचे फोल्डर, बिले व महत्त्वाचे कागद पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. पुष्कळ लोक 'सी'मधला हिशेब 'डी'मध्ये ठेवून निर्धास्त होतात. बहुधा हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यंत्र बंद करावे आणि पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये. प्रत्येक प्रयत्नागणिक उरलेला मजकूर धोक्यात येतो. नक्कल हाती आल्याशिवाय कोणालाही फॉरमॅट करू देऊ नये.

कसूर यंत्राचा की प्रोग्रॅमचा?

निळा पडदा दिसला म्हणजे सुटा भाग खराब झाला असे नव्हे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळी पडली. विमानतळ आणि बँका अडून बसल्या. पण दोष यंत्रांच्या सुट्या भागांत नव्हता. तेव्हा नवा प्रोग्रॅम किंवा अपडेट घातल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर आधी ते काढून पाहावे. उलट वेगवेगळे काम करताना यंत्र पडत असेल, किंवा पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करूनही पडत असेल, तर संशय सुट्या भागांवर घ्यावा.

एक वही घ्यावी. यंत्र केव्हा पडले, त्या वेळी काय चालू होते, पडद्यावर कोणता कोड आला, एवढे आठ दिवस टिपावे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद हमखास सापडते. तिचा अर्थ इतकाच की यंत्र रीतसर बंद झाले नाही. केवळ ती पाहून एसएमपीएस बदलू नये.

वीज आणि उष्णता

काही संदेश न देता यंत्र एकदम काळे पडत असेल, आणि तेही पाण्याचा पंप किंवा फ्रिज सुरू होताना, तर विजेकडे पाहावे. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर अर्थिंगचे काम वायरमनकडून आधी करून घ्यावे. तो जिवाचाही धोका आहे. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि वीज जाताच हात टेकते. एसएमपीएसच्या १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट मिळाले पाहिजेत. हे माप मेकॅनिककडून आपल्यासमोर घ्यावे. त्याआधी यंत्र शेजारच्या घरातील प्लगवर लावून पाहावे. या तपासणीला एक पैसाही लागत नाही.

सुरू केल्यावर वीस मिनिटांनी, भर दुपारी किंवा जड काम घेतल्यावर यंत्र पडत असेल तर उष्णता हे कारण समजावे. प्रोसेसर साधारण १०० अंशांच्या आसपास गेला की प्रथम आपली चाल मंद करतो आणि तरीही उष्णता हटली नाही तर यंत्र बंद करतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीसारख्या पॉवरलूमच्या गावांत तर सुताचे तंतू पंख्यात बसून त्यांचा नमदा तयार होतो. प्लग काढून, पंखा बोटाने धरून ब्लोअरने धूळ उडवावी. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकली असेल तर नवी लावून घ्यावी. ती किरकोळ किमतीत मिळते.

रॅम आणि डिस्क

दर वेळी निराळाच कोड येत असेल तर रॅम तपासावी. प्लग काढावा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी, रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलकेच पुसावे आणि पुन्हा घट्ट बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून एकेक दिवस चालवावे. विंडोजमध्येच 'मेमरी डायग्नोस्टिक' असते. 'मेमटेस्ट८६ प्लस' हा मोफत प्रोग्रॅम रात्रभर चालवला तर अधिक तसल्ली होते. त्यात एक चूक दिसली तरी ती दुर्लक्षू नये.

फाइल उघडायला फार वेळ लागून यंत्र थिजत असेल तर डिस्क पाहावी. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' या मोफत प्रोग्रॅमने ती वाचता येते. बदललेल्या किंवा वाचता न येणाऱ्या सेक्टरांचा आकडा वाढत असेल तर डिस्क बदलावी. मात्र त्याआधी तिची केबल बदलून पाहावी.

मदरबोर्डचा नंबर शेवटी

वरचे सारे झाल्यावरच मदरबोर्ड व प्रोसेसर. जुन्या बोर्डावर डोके फुगलेले कपॅसिटर दिसले तर दोष तिथे आहे असे समजावे. प्रोसेसर सहसा बिघडत नाही, पण तसेही घडले आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे बिघाड होतो, हे कंपनीने २०२४ साली मान्य केले, बायोससाठी दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्यांनी बिल जपून ठेवले त्यांना दाद मागणे सोपे गेले. रॅमवरही पुष्कळदा अनेक वर्षांची वॉरंटी असते. बिनपावतीचा स्वस्त माल घेणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

एका वेळी एकच बदल, यावर आमचा भर का? तीन भाग एकदम बदलले आणि यंत्र चालू लागले, तर बिघडलेला कोणता होता हे कळत नाही आणि पैसे मात्र तिन्हींचे जातात. म्हणून मेकॅनिकच्या हाती आपली वही द्यावी, काय तपासले ते विचारावे, बदललेला जुना भाग परत मागावा आणि पावती घ्यावी. प्रामाणिक कारागिराला याचा राग येत नाही, उलट त्याचे काम हलके होते. नीम हकीम मात्र अशा गिऱ्हाइकापासून दूर राहतो.

यंत्र आज नाही तर उद्या पुन्हा बिघडणारच. नवे यंत्र बाजारात मिळते. उधारीचा हिशेब बाजारात मिळत नाही. दर शुक्रवारी किंवा सोईच्या वारी त्याची नक्कल काढावी आणि ती यंत्रापासून वेगळ्या जागी ठेवावी.