किलो की लिटर? किराण्यातले काही गैरसमज

कन्नड तालुक्यातलं शेतकऱ्याचं घर म्हटलं की बाहेरच्यांना वाटतं, यांना किराणा तो किती लागणार! मीठ, साखर, चहापत्ती, झालं. पूर्वी तसं असेलही. आज शिवारात मका आणि कपाशी उभी असते, पाणी असेल तिथे अद्रक आणि कांदा. मका बाजार समितीत जातो, कपाशी जिनिंगला जाते, आणि गहू, तूरडाळ, तेल, कित्येक घरांत ज्वारीसुद्धा विकतच आणावी लागते. त्यामुळे किराण्याचा हिशेब शेतकऱ्याच्या घरालाही नोकरदाराइतकाच लागतो. महागाई आपल्या हातात नाही. पण काही पैसे निव्वळ चुकीच्या समजुतीपायी जातात, ते तरी वाचावेत म्हणून हा खटाटोप.

‘डबा १५ चा म्हणजे १५ चा’

सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो. डब्यावर १५ चा आकडा ठळक असतो. त्याच्यापुढे किलो लिहिलंय की लिटर, हे फार थोडे जण बघतात. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर खाद्यतेल वजनाला साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम तेल, आणि १५ किलोच्या डब्यात जवळपास साडेसोळा लिटर. उदाहरणापुरते भाव धरू. लिटरचा डबा २,२५० रुपयांना आणि किलोचा २,४०० रुपयांना आहे. दीडशे रुपये वाचले म्हणून आपण पहिला उचलतो. हिशेब केला तर पहिल्यातलं तेल किलोला जवळपास १६५ रुपयांनी पडतं, दुसऱ्यातलं १६० रुपयांनी. स्वस्त वाटलेला डबा महाग निघाला.

पिशव्यांचंही तेच. एक लिटरच्या पिशवीशेजारी तेवढीच दिसणारी ८०० किंवा ७५० ग्रॅमची पिशवी मांडलेली असते. यावर एक सोपा उपाय पाकिटावरच छापलेला असतो. २०२४ पासून पाकिटावर छापील किमतीबरोबर एका ग्रॅमचा, किलोचा, मिलिलिटरचा किंवा लिटरचा दर देणं बंधनकारक आहे. अक्षरं बारीक असतात, पण चष्मा लावून तेवढी एक ओळ वाचाच. तुलना मात्र किलोची किलोशी करा, लिटरची लिटरशी.

आणि तेल लागतं तरी किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांतल्या २,००० उष्मांकांच्या थाळीत माणशी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय. चौघांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलो. आपल्याकडे पाच किलो संपत असेल, तर डबा कुठून घ्यावा हा प्रश्न नंतरचा, आधी कढईत हात आवरायला हवा.

‘छापील किंमत सरकार ठरवतं’

नाही, ती कंपनी ठरवते. दुकानदाराने त्याहून जास्त घ्यायचे नाहीत, एवढाच तिचा अर्थ. कमी घ्यायला कुणाची आडकाठी नाही. त्यामुळे महिन्याचा किराणा एकदम भरताना भाव करण्यात संकोच कसला? सुटं घ्यावं की पाकीटबंद, हेही बघावं. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या पाकीटबंद डाळी, तांदूळ आणि पिठावर पाच टक्के जीएसटी आहे. सुट्या मालावर नाही. सुटी डाळ निवडायचे, चाळायचे कष्ट पडतात आणि थोडी घट येते, तीही हिशेबात धरावी. मात्र डाळीचं पीठ आणि मिरची-हळदीची पूड सुटी घेऊ नये, कारण त्यांतली भेसळ डोळ्यांना दिसत नाही. हरभऱ्याची डाळ गिरणीतून दळून आणावी.

‘वरण म्हणजे तूरच’

तूरडाळ चवीला श्रेष्ठ, याबद्दल वाद नाही. पण पोषण तिच्यातच जास्त, ही समजूत खरी नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम तूरडाळीत आणि तेवढ्याच हरभरा डाळीत प्रथिनं जवळपास सारखी, साडेएकवीस ग्रॅमच्या आसपास आहेत. मूगडाळीत आणि मसूर डाळीत तर २४ ग्रॅम. भावात मात्र फरक पडतो. २०२५-२६ च्या खरिपात तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये होता, त्याच्या पुढच्या रब्बीसाठी हरभऱ्याचा ५,८७५. दुकानातला भाव याच्या वरखाली होत राहतो, पण बहुतेक दिवस तूरच महाग असते.

आपल्या मराठवाड्याच्या स्वयंपाकाला हे कधीच ठाऊक होतं. हुलग्याचे शेंगोळे, पिठलं-भाकरी, येसराची आमटी हे सगळं तुरीवाचून अडून न बसणाऱ्या बायांचं शहाणपण. येसर उन्हाळ्यात एकदा धान्य-डाळी आणि मसाले भाजून, दळून ठेवला की भाजी महाग झाल्यावर पाण्याला उकळी आणून दोन चमचे कालवायचं, की ताटात आमटी. विकतच्या तयार मसाल्यांपायी येसराचा डबा घरातून जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

‘साल भरलं की वर्षाची काळजी मिटली’

मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू येतो, भाव उतरलेला असतो, तेव्हा वर्षाचा भरावा, हे ठीकच. पण किती भरावा? पोषण संस्थेच्या त्याच थाळीत माणशी २५० ग्रॅम धान्य आहे. चौघांना रोज एक किलो, वर्षाला ३६५ किलो, तेही गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ सगळं मिळून. शेतात राबणाऱ्याला अर्थातच जास्त लागेल. प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डावर माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, म्हणजे चौघांना वर्षाला २४० किलो. राहिलं सव्वाशे किलो. तरीही सवयीने दोन-तीन क्विंटल गहू भरला जातो, आणि दिवाळीपर्यंत त्याला सोंडे लागतात.

कीड थांबते ती कोरडेपणाने. गहू कडक उन्हात वाळवावा, दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे. गार झाल्यावरच कोठीत भरावा. गरम भरला तर आत घाम धरतो. बाजरी वर्षाची भरली तरी दळण थोडंथोडंच न्यावं, तिचं पीठ आठवड्यातच कडवट व्हायला लागतं.

एक गोष्ट हात जोडून सांगते. धान्यात ठेवायच्या त्या राखाडी गोळ्या, ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या, घरात आणू नका. हवेतल्या ओलीने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. बंद खोलीत त्याने झोपलेली माणसं दगावतात, आणि त्यावर उतारा नाही. त्या गोदामासाठी, तीही जाणकारांच्या देखरेखीखाली वापरायच्या असतात. बोरिक पावडरही खाण्याच्या वस्तूंत चालत नाही. वाळवलेला कडुलिंबाचा पाला आणि एरंडेलाचा हात पुरेसा आहे.

‘रेशनच्या तांदळात प्लास्टिक असतं’

या अफवेने गरिबाच्या तोंडचा घास काढलाय. तांदळात काही दाणे वेगळे दिसतात, किंचित पिवळसर किंवा पांढरेफटक, काही पाण्यावर तरंगतात. बाया ते एकेक वेचून टाकतात, काही जणी तांदूळच विकून टाकतात. ते दाणेसुद्धा तांदळाचेच आहेत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून, यंत्रातून दाण्याच्या आकाराचे काढलेले. शंभर किलो तांदळात ते एक किलो मिसळत असत. मार्च २०२४ पर्यंत सरकारी योजनांतला सगळा तांदूळ असा झाला होता. ज्या घरात पोरीबाळींचं रक्त कमी आहे, तिथे नेमके हेच दाणे उकिरड्यावर जातात. ते तसेच शिजू द्या.

१ जानेवारी २०२३ पासून रेशनचं धान्य मोफत आहे. अंगठा लावल्यावर यंत्रातून पावती निघते. ती मागून घ्या, तिच्यावरचे किलो वाचा आणि पिशवी काट्यावर ठेवून बघा. कमी भरलं तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते.