लहान आज्ञावली कोठें प्रसिद्ध करावी?

शिवछत्रपतींच्या जन्माची तिथि जेधे शकावलींत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी आहे. तिची इंग्रजी तारीख ज्युलियन पद्धतीनें १९ फेब्रुवारी १६३० व ग्रेगोरियन पद्धतीनें १ मार्च १६३० येते. सेवेल व शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या १८९६ सालच्या ग्रंथावरून असें गणित करणारा संशोधक ग्रंथाचें पान देऊन मोकळा होतो. हेंच काम आतां संगणकाची आज्ञावली क्षणांत करते; परंतु तिचें पान कोणतें? तिच्या एका आवृत्तींत एक पद्धति व दुसरींत दुसरी असल्यास, लेखांतील तारीख दहा दिवस पुढें कां गेली हें वाचकास कळावें कसें? सबब मोजक्या अभ्यासकांच्या उपयोगाची मुक्तस्रोत आज्ञावली, म्हणजे जिचा मूळ मजकूर कोणासही वाचतां व सुधारतां येतो अशी, कोठें प्रसिद्ध करावी हा प्रश्न इतिहाससंशोधकाच्याही विचाराचा आहे.

बहुतेक कर्ते ती गिटहबवर ठेवितात. २००८ सालीं निघालेलें हें ठिकाण २०१८ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विकत घेतलें. सूचना, दुरुस्त्या व त्यांची तारीखवार हकीकत राखण्यास अशी जागा उत्तम. तथापि कारखान्यास दप्तरखाना समजूं नये. २००६ सालीं सुरू झालेलें गूगल कोड २०१६ सालीं बंद झालें. गिटोरियस २०१५ सालींच गेलें. बिटबकेटनें मर्क्युरियल पद्धतीचे संग्रह २०२० सालीं काढून टाकले. मोठ्या कामांस सामान हलविणारे हात पुष्कळ असतात. एकट्या कर्त्याची आज्ञावली, तो दुसऱ्या उद्योगास लागला असतां, तेथेंच बुडते.

दुसरी जागा वाटपाच्या कोठाराची. पायथन भाषेंतील आज्ञावली पायपीआयवर व आर भाषेंतील क्रॅनवर ठेवल्यास ती वापरणारास सहज मिळते. क्रॅनवर प्रवेशापूर्वी तपासणी होते, ती कित्येकांस जाचक वाटते. आम्हांस ती हितकारक वाटते. परंतु कोठारांतील माल कर्त्याच्या इच्छेनें उठूं शकतो. मार्च २०१६ मध्यें एनपीएम या कोठारांतून ‘लेफ्ट-पॅड’ नांवाची अवघ्या अकरा ओळींची आज्ञावली कर्त्यानें काढून घेतली, आणि तिजवर विसंबलेलीं असंख्य कामें एकाएकीं अडलीं.

राहिलें दप्तर. सर्न या संस्थेनें २०१३ सालीं उघडलेल्या झेनोडोवर प्रत्येक आवृत्तीस निराळा कायम ओळखक्रमांक मिळतो, व गिटहबवरील नवी आवृत्ति तेथें आपोआप दाखल करण्याची सोयही आहे. फ्रान्समधील इन्रिया संस्थेनें २०१६ सालीं सुरू केलेलें सॉफ्टवेअर हेरिटेज उघड असलेला मूळ मजकूर जपून ठेवितें. त्याच सालीं निघालेलें ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’ तज्ज्ञांकडून परीक्षण करवितें, पण अगदीं किरकोळ साधनास तेथें प्रवेश मिळत नाहीं.

तेव्हां आमचे मतें काम गिटहबवर चालवावें, बसवून घेणारे अनेक असतील तरच कोठाराचा खटाटोप करावा. परंतु ज्या आवृत्तीवरून एकही तारीख छापली गेली, ती झेनोडोवर ठेवल्यावांचून राहूं नये. लेखाच्या टीपेंत आवृत्तीचा ओळखक्रमांक द्यावा. ठेवीबरोबर परवाना जोडावा, कारण त्यावांचून मजकूर उघडा असूनही दुसऱ्यास कायद्यानें सुधारतां येत नाहीं. आणि पद्धति ज्युलियन कीं ग्रेगोरियन, हें वर्णनाच्या पहिल्याच ओळींत लिहावें.