कोल्ह्याची पावले

युद्धाचे हिशेब मांडले जातात ते लढताना पडलेल्यांचे. शिकता शिकता गेलेल्यांचे काय? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बर दलातले ५५ हजारांहून अधिक जण मरण पावले. त्यांतले ८ हजारांवर शत्रूच्या तोफांनी नव्हे, सरावात आणि अपघातांत गेले. उभा जन्म बँकेच्या खतावण्यांत काढलेल्या मला हा आकडा 'किरकोळ' खाती टाकवत नाही.

३० जानेवारी १९४२. सहा पोलिश तरुणांचे वेलिंग्टन विमान सरावासाठी उडाले आणि हिमवादळात यॉर्कशरमधल्या बकडन पाइक या डोंगरावर आदळले. शेपटीकडचा गनर युझेफ फुश्न्याक वाचला, पण घोटा मोडलेला. आणखी एका सोबत्यात धुगधुगी होती. त्याच्यासाठी मदत आणायला हा निघाला. बर्फात त्याला कोल्ह्याची पावले दिसली. भुकेला कोल्हा वस्तीकडेच जाणार, हे त्याने ओळखले. त्या ठशांमागे सरपटत तो खालच्या क्रे गावी पोचला. सोबत्यापर्यंत मदत पोचायला मात्र उशीर झाला. पाचही जण गेले.

१९७३ मध्ये फुश्न्याकने त्या डोंगरावर त्यांच्यासाठी क्रूस उभारला. त्याच्या पायाशी एका कोल्ह्याचे मुखही बसवले.

त्या दिवशी या पोरांवर कुणी गोळी झाडली नव्हती. कुठल्याही विजयाच्या जमेस त्यांचे मरण धरले गेले नाही. पण मागे उरलेल्या एकाने आपले देणे मानले. सोबत्यांचे आणि एका मुक्या जनावराचेसुद्धा. स्मारक म्हणजे तरी याहून वेगळे काय असते?