म्हापशाच्या व्यापाऱ्याचे आफ्रिकेतील गोत

मसाट : म्हापसा, सिल्व्हासाजवळचे मसाट आणि आफ्रिकेतील मोझांबिक एकेकाळी एकाच पोर्तुगीज सत्तेखाली होते. १७५२ पर्यंत तर मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चाले. त्यामुळे अनेक गोमंतकीय घराण्यांची एखादी फांदी तिकडे रुजली. तिचा शोध कसा घ्यावा, हे मानुएल आंतोनियु दी सौझा याच्या उदाहरणावरून समजते.

१८३५ मध्ये म्हापशात जन्मलेला सौझा तरुणपणी नातेवाइकाच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्यासाठी झांबेझी खोऱ्यात गेला. हस्तिदंताच्या व्यापारावर त्याने धन मिळवले, बंदूकधारी फौज उभारली आणि गोरोंगोझाच्या डोंगरात बस्तान बसवले. तेथील लोक त्याला ‘गौव्हेया’ म्हणत. त्या प्रदेशात स्थानिक सत्ताधीशाच्या संमतीवाचून व्यापार अशक्य होता आणि सोयरीक हाच सर्वांत भक्कम करार मानला जाई. सौझाने अनेक सरदार घराण्यांशी नाते जोडले. बारुए राज्याच्या ‘मकोंबे’ म्हणजे राजाची कन्याही त्याची पत्नी झाली.

मकोंबेच्या मृत्यूनंतर १८८० च्या सुमारास सौझाने आपल्या मुलाच्या नावे गादीवर हक्क सांगितला. मात्र बारुएत वंश पित्याकडून चाले. राजकन्येचा पुत्र असला, तरी परक्या पित्यामुळे तो राजवंशाबाहेरचाच ठरे. हा हक्क बंदुकीच्या बळावर टिकला. १८९० मध्ये ब्रिटिशांनी सौझाला पकडताच बारुए स्वतंत्र झाले. सुटकेनंतर ते परत जिंकू पाहताना १८९२ मध्ये तो मारला गेला.

अशा घराण्याचा माग काढताना केवळ आडनावावर विसंबता येत नाही. गोव्यात धर्मांतरितांना धर्मपित्याचे किंवा पाद्र्याचे आडनाव मिळे. आफ्रिकेतही आश्रितांनी धन्याचे नाव घेतले. म्हणून प्रत्येक ‘सौझा’ हा रक्ताचा वारस नव्हे. बाप्तिस्म्याच्या नोंदी, मृत्युपत्रे आणि जमिनीचे पट्टे पित्याची बाजू सांगतात. आईचे कुळ मात्र बहुधा मौखिक परंपरेतच सापडते. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून इतिहासकार ॲलन आयझॅकमन यांनी झांबेझी खोऱ्यातील वृद्धांच्या आठवणी नोंदवल्या, त्यांचे मोल यामुळेच मोठे आहे.

गोव्यातील वंशावळींत आफ्रिकेत गेलेल्या पूर्वजाच्या नावापुढची जागा रिकामी दिसली, तर तो निःसंतान होता असे मानू नये. त्याचा वंश कदाचित आईच्या भाषेत, दुसऱ्याच नावाने नांदत असेल.