दहा नंबरची जर्सी

बँकेत असताना वेवजी-तलासरीकडे कर्जवसुलीसाठी जाणं होई. वाडीतला माल एकाचा, भाव दुसऱ्याचा आणि मधली दलाली तिसऱ्याची, हे गणित मी तिथं शिकलो.

फुटबॉलचा बाजारही असाच. ब्राझीलचा नेमार 2017 साली बार्सिलोनाहून पॅरिसला गेला तो 22 कोटी 20 लाख युरोंना. अशा व्यवहारातले पाच टक्के, खेळाडूला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडवणाऱ्या क्लबांना द्यावे लागतात. हा नियम मला फार आवडतो. रोप लावणाऱ्याचाही वाटा! एजंटांचं मात्र विचित्रच. 2015 साली 'फिफा'नं त्यांचे परवाने बंद केले आणि 2023 मध्ये पुन्हा परीक्षा सुरू केली.

पण लाखो युरोंच्या बातम्या वाचताना मला आठवतो तो गोव्याच्या डेम्पोचा ब्राझिलियन क्रिस्तियानो ज्युनियर. 5 डिसेंबर 2004, बंगळूर, फेडरेशन चषकाची अंतिम लढत. मोहन बागानविरुद्ध दोन्ही गोल त्याचेच. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो कोसळला, आणि गेला. वय अवघं पंचवीस.

डेम्पोनं दहा नंबरची जर्सी निवृत्त केली. मी पडलो बँकेतला माणूस. पहिला विचार आला, करारावर वारस म्हणून कोणाचं नाव असेल?